ताल आणि ताळेबंद

गाणं आणि कॉमर्स या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी शिकवू नयेत, असा कायदा अजून कुठल्याही सरकारनं केलेला नाही. केला असता, तर पुष्कळ आईबापांची एक मोठी काळजी मिटली असती. आपल्याकडे मुलानं गाणं शिकलेलं चालतं, नव्हे, आवडतं. पाहुणे आले की सतरंजीवर बसवून 'म्हण रे बाळ एखादं भजन' असं फर्मान सोडता येतं. हल्ली तर शास्त्रीय गायनाच्या परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, म्हणजे यमन थेट टक्केवारीत जमा होतो. पण एकदा दहावीचा पेढा वाटून झाला, की हेच आईबाप एकदम गंभीर होतात आणि विचारतात, "ते गाणं वगैरे ठीक आहे रे, पण पुढं करणार काय?" 'गाणंच करणार' हे या प्रश्नाचं उत्तर धरलं जात नाही. मग मुलगा शास्त्र, कला, वाणिज्य यांपैकी एका पुढच्या दारानं आत जातो आणि गाण्याला हळूच मागच्या दारानं आत घेतो.

मी वाणिज्याच्या दारानं गेलो, कारण ते दार घराजवळ होतं. आम्ही सांगलीचे. सांगलीची ओळख सगळे नाटकाचं गाव म्हणून करून देतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथंच 'सीतास्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमीचा नारळ फोडला. पण नाटकावर गावाची कीर्ती चालते. पोट चालतं ते हळदीवर. माझे वडील मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीचे सौदे, पोत्यांची वजनं, कीर्द आणि खतावणी यांत त्यांचा दिवस जाई. संध्याकाळी घरी आले की सदऱ्याच्या बाह्या पिवळ्या झालेल्या असत. नवरदेवाची जी अवस्था लग्नाच्या आदल्या दिवशी होते, ती वडिलांची बारा महिने असे. अशा माणसाच्या मुलानं कॉमर्सला जायचं नाही, तर कुणी जायचं?

आणि गाण्याला मी जायचो मिरजेला. सांगलीपासून मिरज आठ-दहा किलोमीटर. पण दोन्ही गावांचे स्वभाव दोन निरनिराळ्या घरांत दिलेल्या बहिणींसारखे. सांगलीत माणूस भेटला की विचारतो, "आज दर काय निघाला?" मिरजेत विचारतो, "काल कुणाचं ऐकलंस?" कॉमर्सच्या पेपरात भोपळा मिळाला, तर माणूस वर्षभर तोंड लपवून हिंडतो. मिरजेत भोपळ्याला भलताच मान. पंढरपूरच्या बाजूनं आलेले मोठाले भोपळे सतारमेकरांच्या दुकानांत वाळत टांगलेले असतात. त्यातल्या एखाद्याच्या नशिबात असलं, तर त्याला दांडी जोडली जाते, चार तारा चढतात आणि भाजी होता होता राहिलेला तो भोपळा मैफलीत मोठमोठ्या गवयांच्या मागे जाऊन बसतो. सरकारदरबारी मात्र दोन्ही बहिणींना सारखंच माप मिळालं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तर मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली.

मी एफ. वाय. बी. कॉम.ला गेलो १९९८ साली. त्याच वर्षी सरकारनं सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एकच महानगरपालिका केली. लोकांनी त्यावर पुष्कळ वाद घातले. मला मात्र हा जॉइंट अकाउंट खास माझ्यासाठीच उघडल्यासारखा वाटला. सकाळी सात ते साडेअकरा सांगलीत जमा आणि नावे, संध्याकाळी मिरजेत आरोह आणि अवरोह, आणि या दोहोंच्या मध्ये शहर बस! माझं निम्मं गाणं आणि निम्मं कॉस्टिंग त्या बसमध्येच झालं. विश्रामबागेपर्यंत घसाऱ्याची गणितं करायची, पुढं वही मिटून मांडीवर एकतालाच्या बारा मात्रा मोजायच्या. शेजारच्या माणसाला वाटायचं, पोरगं कसली तरी उधारी मोजतंय.

एकदा घरातल्या तंबोऱ्याची जवारी काढायला तो मिरजेला न्यायचा होता. मी त्याला चादरीत गुंडाळून शेजारच्या सीटवर बसवलं. कंडक्टर आला. त्यानं माझं तिकीट फाडलं आणि चादरीकडं बोट करून विचारलं, "ह्यांचं?"

"हा माणूस नाही, तंबोरा आहे."

"बसलाय तर माणसासारखा!"

"भोपळा आहे हो तो नुसता."

"मग भाजीचं लगेज लावू का?"

शेवटी अर्ध्या तिकिटावर तडजोड झाली. ते अर्धं तिकीट मी बरीच वर्षं जपून ठेवलं होतं. आमच्या तंबोऱ्याचं वय सरकारी कागदावर बारा वर्षांच्या आत नोंदलं गेल्याचा तेवढाच एक पुरावा होता.

दोन विद्या एकदम शिकणाऱ्याला लोक एकच गोष्ट विचारतात, "वेळ कसा काढतोस?" वेळ काढणं अवघड नसतं. कॉलेजातल्या निम्म्या पोरांना चहाच्या टपरीवर चार-चार तास मिळत होते. अवघड असतं ते वेळेची वेळ जुळवणं. आमचं कॉलेज सकाळचं, आणि गाण्यात पहाटेला सोन्याची किंमत. खर्ज भरायचा तो पहाटे. भैरव, तोडी हे सगळे सकाळचे मानकरी. ते ज्या वेळी दरबारात यायचे, त्या वेळी मी वर्गात बसून 'भागभांडवलाचे प्रकार' उतरवून घेत असे. त्यामुळं माझी तोडी कायम दुपारी जेवणानंतर व्हायची. तिच्यात करुणेऐवजी सुस्ती उतरायची.

मग मी साडेचारला उठायला लागलो. आम्ही वाड्यात राहत होतो. माझा मंद्र सप्तकातला पहिला 'सा' लागला, त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत खाली आल्या आणि आईला म्हणाल्या, "पोराला ओवा दे गं थोडा, पोटात कळ आलेली दिसतेय." पुढं पुढं वाड्यानं मला पचवलं. समोरच्या जोशीकाकांचं गजराचं घड्याळ बंद पडलं होतं, ते त्यांनी तीन वर्षं दुरुस्तीला टाकलं नाही. मी बी. कॉम. झालो तेव्हा पेढा घेताना ते काळजीनं म्हणाले, "आता पहाटेचं कसं करणार आहेस?"

पण खरी अडचण घड्याळाची नव्हतीच. खरी अडचण अशी, की या दोन अभ्यासांची जातच वेगळी आहे. कॉमर्सचा अभ्यास वर्षाच्या शेवटी करायचा असतो. फेब्रुवारी संपला की 'अपेक्षित' आणायचं, गेल्या पाच वर्षांचे पेपर चाळायचे, कुठला धडा ऑप्शनला टाकायचा ते ठरवायचं आणि पंधरा रात्री जागायच्या. पोर्शन संपतो. हा शब्दच किती सुखाचा आहे बघा! संपतो! गाण्याचा पोर्शन संपत नाही. षड्जाचं 'अपेक्षित' अजून बाजारात आलेलं नाही आणि कोमल ऋषभ ऑप्शनला टाकता येत नाही. टाकला तर भैरव तिथल्या तिथं कोसळतो. कंपनी कायदा मी परीक्षेनंतर आठ दिवसांत विसरलो. विद्यापीठानं पदवी परत मागितली नाही. गाणं चार दिवस केलं नाही, तर पाचव्या दिवशी स्वतःचाच गळा दार किलकिलं करून विचारतो, "कोण पाहिजे आपल्याला?"

तेरीज जुळली की जुळली. दोन्ही बाजूंच्या बेरजा समोरासमोर आल्या, खाली दोन रेघा ओढल्या, विषय मिटला. 'सा' मात्र आज जुळला म्हणून उद्या जुळेलच याची हमी नाही. एकाच डोक्यात सकाळी रेघा ओढणारा आणि संध्याकाळी त्या पुसणारा असे दोन विद्यार्थी सांभाळायचे, हा खरा जोडधंदा होता.

परीक्षांचंही तसंच. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत विशारद होण्यासाठी सात पायऱ्या चढाव्या लागतात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण. शाळेत असताना मी मध्यमा प्रथमपर्यंत चढलो होतो. या परीक्षांचं एक सत्र एप्रिल-मेच्या सुमारास, आणि विद्यापीठाच्या परीक्षाही मार्च-एप्रिलच्याच. दोन्हीकडं लेखी पेपर. एकीकडं 'भूप आणि देसकार यांतील साम्य व भेद स्पष्ट करा' आणि दुसरीकडं 'राखीव निधी आणि तरतूद यांतील साम्य व भेद स्पष्ट करा'. खरं सांगायचं, तर दोन्ही उत्तरांचा सांगाडा एकच होता. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच; फरक कुठल्या स्वरावर जोर द्यायचा याचा. राखीव निधी आणि तरतूद यांतही रुपये तेच. फरक ते कशासाठी बाजूला काढले याचा! हा सिद्धांत मी आमच्या बुवांना मोठ्या उत्साहानं सांगितला. बुवा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "देसकार गा."

आमच्या बुवांनी आयुष्यात गाण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, एक पेटी, दोन तंबोरे, आणि फीचे पैसे टाकायला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा. कुणी फी दिली, कुणाची राहिली, याचा हिशेब बुवा ठेवत नसत. तो मी वहीत लिहायला लागलो, तेव्हापासून बुवा मला 'कॉमर्स' म्हणायला लागले. "आलास का रे कॉमर्स? बस." माझी तान त्यांना कधीच पसंत पडली नाही. म्हणायचे, "तुझी तान चुकत नाही रे. समेवर बरोबर येते. पण पावती फाडल्यासारखी येते." एकदा मी धीर करून विचारलं, "बुवा, कॉमर्स सोडून फक्त गाणंच केलं तर?" मला वाटलं, बुवा पाठीवर हात ठेवतील. त्यांनी पेटीचा भाता मिटला आणि म्हणाले, "आधी पोटाचं बघ. रिकाम्या पोटी फक्त मारवा चांगला लागतो. आणि रोज मारवा कोण ऐकणार?" मग उठून त्यांनी डबा उघडला, आतले पैसे मोजले आणि मला चहा आणायला पाठवलं.

घरी वडिलांशी बोलायचं, तर आधार लागतो. म्हणून मी एक यादीच पाठ केली होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे वकील होते. १८८७ साली ते एलएल. बी. झाले, वकिलीही केली. मग ती सोडून देशभर हिंडले, घराण्याघराण्यांतून चिजा गोळा केल्या आणि शेकडो रागांची दहा थाटांत मांडणी केली. हे वडिलांना मनापासून पटलं. म्हणाले, "म्हणजे खतावणीच केली की! दहा मुख्य खाती उघडली आणि ज्याची नोंद त्या खात्यात." आजवर थाटपद्धतीचं यापेक्षा सोपं स्पष्टीकरण मी ऐकलेलं नाही. प्रभा अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्याही पदवीधर. अश्विनी भिडे-देशपांडे जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या. आणि यादीतला माझा हुकमी एक्का म्हणजे डॉ. वसंतराव देशपांडे. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात त्यांनी कित्येक वर्षं नोकरी केली. १९६७ साली रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'मधले ते खाँसाहेब, म्हणजे आकडेमोड करूनही गळा शाबूत राहतो याचा जिवंत दाखला! वडील शांतपणे ऐकून घेत. एक्का पडला, तेव्हा म्हणाले, "वसंतरावांचा आवाज मी ऐकलाय." जरा थांबून म्हणाले, "तुझाही ऐकतोय रोज."

मग मीही एक उलटा दाखला काढला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. जन्म १८७२चा, आमच्या शेजारच्या कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यानं डोळे गेल्यासारखे झाले, म्हणून उपचारासाठी मिरजेला आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं गाणं शिकायला बसले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढं १९०८ साली मुंबईला. ज्या काळात गाणं शिकतो म्हटलं की लोक तोंड फिरवत, त्या काळात त्यांनी घराघरांत तंबोरा पोचवला. पण मुंबईच्या इमारतीचं कर्ज फिटलं नाही आणि ती लिलावात गेली. म्हटलं, "बाबा, त्यांच्या शिष्यांत एक जरी बी. कॉम. असता, तरी ती इमारत वाचली असती. गाण्याला कॉमर्सची गरज आहे!" वडिलांनी चष्मा पुसला. "गाणं कर," ते म्हणाले, "पण वहीत दिसेल असंही काहीतरी कर." या वाक्यावर आमच्या घरातली चर्चा कायमची संपली. ना होकार, ना नकार. दिवाणजी लोक असंच बोलतात.

वडील २०१२ साली गेले. त्यांच्या मागं निघालं ते म्हणजे ट्रंकभर वह्या. दुकानाच्या नव्हेत, घरच्या. रोजचा खर्च ते रोज रात्री लिहून ठेवत. मी माझ्या कॉलेजच्या वर्षांच्या वह्या काढून बसलो. दर महिन्याच्या पाच तारखेला नोंद होती: 'दूध', खाली 'गाणे १००', खाली 'रॉकेल'. गाण्याला वेगळा मथळा नाही, किरकोळीतही टाकलेलं नाही. दुधाच्या आणि रॉकेलच्या मध्ये, न लागून चालणार नाही अशा वस्तूंच्या रांगेत ते बसलेलं होतं. २००० सालच्या ऑगस्टचं पान जरा वेगळं होतं. त्या महिन्यात दुकानात काहीतरी बिनसलं होतं आणि पगार निम्माच आला होता. दूध एक लिटरचं अर्धा लिटर झालं होतं. वर्तमानपत्र बंद. वडिलांची तंबाखू बंद. गाणे १००. तो महिना आम्ही बिनदुधाचा चहा का पीत होतो, हे मला बारा वर्षांनी कळलं. त्या वेळी आईनं सांगितलं होतं, दुधानं गाणाऱ्याच्या गळ्यात कफ होतो म्हणून.

बी. कॉम. मी तीन वर्षांत झालो. पाच-सहा वर्षं एका सीएच्या ऑफिसात लोकांचे हिशेब लिहिले आणि २००८ साली बँकेत चिकटलो. विशारद व्हायला मात्र २०१४ साल उजाडलं. म्हणजे एक पदवी तीन वर्षांत आणि दुसरी सोळा वर्षांत. दुसरीचा घसारा जास्त झाला म्हणावा, तर तीच अजून रोज वापरात आहे.

बँकेत कारकुनाला अधूनमधून बढतीचं सर्क्युलर येतं. ऑफिसर व्हा, पगार वाढेल. पण बदली होईल. आजपर्यंत असं सर्क्युलर माझ्या टेबलावर तीनदा आलं. तिन्ही वेळा मी फॉर्म नीट वाचला आणि कोराच ठेवला. बदली नांदेडला झाली काय आणि नाशिकला झाली काय, तिथून मिरजेची बस नाही. सहकाऱ्यांना यात काहीतरी काळंबेरं दिसतं. एकजण बरेच दिवस समजत होता, की माझा मिरजेत भाड्याचा धंदा आहे.

घरी याचा हिशेब झाल्याशिवाय कसा राहील? सौभाग्यवतींनी एका डिसेंबरात 'कालनिर्णय'च्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखालच्या मोकळ्या जागेत ऑफिसरचा पगार आणि कारकुनाचा पगार यांतला फरक मांडला, त्याला महिन्यांनी गुणलं, वर्षांनी गुणलं. उत्तर जागेत मावलं नाही, समासात गेलं.

"अहो, एवढ्यात हॉल दुप्पट झाला असता आपला."

"हॉल मोठा झाला की आवाज घुमतो," मी म्हटलं.

"तुमचा नकोच घुमायला."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आकडेमोड बरोबर होती. मी मनातल्या मनात दोनदा ताडून पाहिली. त्या हॉलमध्ये तिचं शिवणयंत्र खिडकीशी बसलं असतं. आता ते पलंगाखाली असतं आणि दर वेळी मला ओढून काढावं लागतं. या गोष्टीची किंमत मी एकटा मोजत नाही, हे मला ठाऊक आहे. पण दुसरीही एक गोष्ट ठाऊक आहे. मी पहाटे साडेपाचला तंबोरा घेतो. ती त्याच सुमारास उठते, डाळ-तांदूळ धुते, कुकर भरून ओट्यावर ठेवते, आणि गॅस पेटवते सव्वासहाला. त्याच्या आत आमच्या घरात शिट्टी होत नाही. विचारलं, तर म्हणते, "डाळ भिजायला नको का?"

आता आमची मुलगी एफ. वाय. बी. कॉम.ला आहे, आणि ती गाते. मी तिला गाण्याबद्दल किंवा कॉमर्सबद्दल कधी एक शब्द बोललो नव्हतो. दोन्ही रोग रक्तातून आले. पण तिचा काळ निराळा. २०२० साली नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि आता मुख्य विषय एका शाखेचा घेऊन जोडीला दुसऱ्याच शाखेचा गौण विषय घेता येतो. म्हणजे आम्ही जे बसमध्ये चोरून केलं, ते आता राजरोस करता येणार, आणि वर त्याचे श्रेयांकही मिळणार. क्रेडिट! आम्ही क्रेडिट म्हणजे जमा बाजू एवढंच शिकलो. आता यमनचेही क्रेडिट धरतात. मी आनंदानं तिच्या कॉलेजचं माहितीपत्रक वाचलं. गौण विषयांच्या यादीत संगीत होतं. पेढे आणावेत म्हणून उठलो, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, विषय आहे, पण शिकवणारे सर नाहीत. पद रिक्त आहे." तेव्हा तिनंही बसऐवजी स्कूटर काढली आणि मिरजेचा रस्ता धरला. तंबोरा तिच्या फोनमध्ये असतो. त्याला तिकीट पडत नाही, जवारी काढावी लागत नाही. परवा तिनं मला विचारलं, "बाबा, दोन्ही जमेल ना मला?" 'दोन्ही जमतात' असं एकदम म्हणवेना. मी म्हटलं, "एक जमेल. दुसरं चालू राहील." कुठलं कुठलं, ते तिनं विचारलं नाही.

बुवा आता ऐंशीच्या पुढं गेले आहेत. सरकारकडून वृद्ध कलावंतांना मिळणारं मानधन त्यांच्या खात्यात जमा होतं, आणि ते खातं माझ्याच शाखेत आहे. एटीएम कार्डावर बुवांचा विश्वास नाही. महिन्यातून एकदा ते नातवाचा हात धरून येतात, स्लिप भरतात आणि माझ्या खिडकीशी उभे राहतात. गेल्या महिन्यात सही जुळेना. कॉम्प्युटरवरच्या नमुन्यात पहिलं अक्षर उभं, स्लिपवर आडवं. मी दुसरी स्लिप दिली, त्यावर तिसरीच सही. मागची रांग चुळबुळायला लागली.

"बुवा," मी हळूच म्हटलं, "सही पूर्वीसारखी करा."

"पूर्वीसारखी?" बुवांनी चष्म्यावरून पाहिलं. "अरे कॉमर्स, जन्मात कधी एक जागा दोनदा सारखी घेतली नाही मी. आता सही घेऊ?"

मी काउंटर सोडून बाहेर आलो, त्यांना बाकावर बसवलं, नव्या नमुना सहीचा फॉर्म आणला, फोटो चिकटवला, मॅनेजरसाहेबांची मंजुरी घेतली. पैसे मोजून हातात दिले. बुवांनी ते न मोजताच खिशात ठेवले. तेवढ्यात आमच्या टोकनच्या यंत्रानं पुढचा नंबर पुकारला. त्याच्यात एक दोन सुरांची घंटा आहे. आधी वरचा सूर, मग खालचा. बुवांची मान एकदम वळली. त्यांनी यंत्राकडं पाहिलं, पुढच्या घंटेची वाट पाहिली, ती झाल्यावर तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "गंधार चढा आहे रे."

होता. दोन वर्षं रोज सकाळी दहापासून तो चढा गंधार मी ऐकत होतो आणि कुणाजवळ बोललो नव्हतो. शाखेत त्या वेळी चाळीसएक माणसं होती, आणि त्या घंटेचा त्रास होणारे आम्ही दोघेच होतो.